सावलीतलं पांढरं

"तुमच्या धंद्यातल्या गमतीजमती लिहा, वाचकांना आवडतील," असं सांगून संपादकीणबाईंनी मला लिहायला बसवलं आहे. गमती आहेत. चाळीस वर्षं लोकांच्या फोटोंत नाक खुपसल्यावर गमती नसतील तर कसं! पण कागद पुढं ओढला की निपाणीच्या हौसाबाईच आठवतात. त्यांच्या लग्नाचा फोटो त्यांना दिसतंय तोवर नीट करून द्यायचा, एवढं साधं काम गेल्या वर्षी माझ्याकडं आलं होतं. मी ते कसं केलं तेच लिहितो. गमती वाटेत जेवढ्या भेटतील तेवढ्या घेऊ. बाईंना हे दिवाळी अंकात छापायला जड वाटलं तर त्यांनी खुशाल परत पाठवावं.

मी बेळगावातल्या वडगावचा. घरात माग. वडील लुगडी विणायचे, आई कांड्या भरायची. मी मागावर बसलो नाही, स्टुडिओत शिरलो, त्याचं वडिलांना शेवटपर्यंत वाईट वाटलं. पण रंगाची नजर मी त्यांच्याकडूनच घेतली. ते सुताची लड हातात घेऊन उठायचे आणि दाराशी उजेडात जाऊन बघायचे. अंजिरी आणि डाळिंबी यांच्यामधल्या चार छटा ते नावानिशी सांगत, आणि मीही सांगतो. लग्नांचे फोटो काढले, डार्करूममध्ये बोटं पिवळी करून घेतली, रंगीत लॅब येताना पाहिली आणि बंद पडतानाही पाहिली. मोबाइल आल्यावर आम्हा लोकांना कोण विचारतो? तेव्हापासून एकच काम उरलं. लोकांच्या जुन्या स्लाइड्स घ्यायच्या, स्कॅनरवर घालायच्या, उडालेले रंग संगणकावर जागेवर आणायचे आणि कागदावर छापून द्यायच्या.

स्लाइड म्हणजे काय, हे आता समजावून सांगावं लागतं. पुठ्ठ्याच्या किंवा प्लॅस्टिकच्या चौकटीत बसवलेला बोटभर फिल्मचा तुकडा. उजेडासमोर धरला की रंगीत चित्र दिसतं, आणि प्रोजेक्टरमध्ये घातला की समोरच्या चादरीवर माणसं हत्तीएवढी होतात. या फिल्मवर रंगाचे तीन थर असतात, एक पिवळा, एक किरमिजी आणि एक निळसर-हिरवट. त्या तिसऱ्याला आमच्या वडगावात फिका मोरपंखी म्हणतील. जगातले सगळे रंग या तिघांच्या कमी-जास्त मिसळीतून होतात. फिल्म धुताना आधी चांदीचं चित्र उमटतं, मग चांदीच्या जागी रंग धरतो आणि चांदी धुऊन निघून जाते. म्हणजे मागं उरतो तो फक्त रंग. तुमच्या आजोबांचा काळा-पांढरा फोटो अजून टिकला आहे, कारण त्यात चांदी आहे. तुमच्या आईवडिलांची रंगीत स्लाइड लाल पडली आहे, कारण तिच्यात रंगाशिवाय काही नाही.

आता रंग म्हटला की तो उडणार, हे विणकराच्या पोराला सांगायला नको. घोळ असा आहे की तिघं एकाच वेळी उडत नाहीत. तिघं सारखेच उडाले असते तर चित्र फिकं झालं असतं, इतकंच. पण पुष्कळशा जुन्या फिल्मवरचा मोरपंखी थर बंद डब्यात, अंधारात बसूनही आधी जातो. उरतात पिवळा आणि किरमिजी. हे दोघं मिळाले की लाल. मग झाडं तपकिरी, आभाळ जांभळं आणि माणसं उन्हानं भाजल्यासारखी. काही फिल्मचं याच्या उलट असतं. त्या अंधारात पन्नास वर्षं ताज्या राहतात, पण प्रोजेक्टरच्या दिव्यापुढं वारंवार धरल्या की त्यांचा किरमिजी जातो आणि चित्र हिरवं पडतं. उष्णता आणि ओल ही दोन कारणं वरून आहेतच. पत्र्याच्या खोलीत माळ्यावर ठेवलेला डबा उन्हाळ्यात भाजतो आणि पावसाळ्यात भिजतो. लॅबवाल्यानं फिल्म घाईघाईत धुतली असेल, औषध नीट निघालं नसेल, तर बघायलाच नको.

शहापूरचा एक साडीव्यापारी याचं उत्तम उदाहरण घेऊन आला होता. त्याचे वडील नव्या लुगड्यांच्या स्लाइड्स काढून परगावच्या दुकानदारांना दाखवायचे. चिंतामणी रंगाच्या एकाच लुगड्याच्या दोन स्लाइड्स त्यानं टेबलावर ठेवल्या. एका कंपनीच्या फिल्मवरची डब्यातच राहिलेली, दुसऱ्या कंपनीच्या फिल्मवरची गावोगाव दिव्यापुढं फिरलेली. एक वांग्याच्या रंगावर गेली होती, दुसरी शेवाळावर. "आप्पा, यातला चिंतामणी कुठला?" म्हणाला. मी म्हणालो, "दोन्ही न्हवं. तुमच्या आईच्या ट्रंकेत लुगडं असंल तर ते आणा." लुगडं निघालं. त्याच्यावरून मी दोन्ही स्लाइड्स एका रंगावर आणल्या, तेव्हा त्यानं माझा हात हातात घेतला.

तर युक्ती ही. चित्रात अशी एखादी वस्तू शोधायची की जिचा रंग आपल्याला पक्का ठाऊक आहे. केळीचं पान, पोलिसाची खाकी, महामंडळाची लाल गाडी, आणि सगळ्यात उत्तम म्हणजे पांढरं काहीतरी. पांढरं सापडलं की निम्मं काम झालं. ते पांढरं पांढरं होईपर्यंत रंग सरकवायचे, बाकीचे आपोआप रांगेत येतात. आणि ज्याचा रंग कळत नाही त्याबद्दल गिऱ्हाइकाला विचारायचं. यासाठी मी एक पद्धत पाडली होती. स्लाइड घेताना गिऱ्हाइकाकडून रंगाची चिठ्ठी लिहून घ्यायची. भिंत कुठल्या रंगाची, आजीचं लुगडं कुठलं, दार कुठलं, आठवेल ते सगळं. चिठ्ठी नाही तर काम नाही, अशी पाटीच दुकानात लावली होती.

चिठ्ठीनंही कधीकधी पंचाईत व्हायची. बोरगावचे एक निवृत्त इंजिनिअर काश्मीरच्या सहलीच्या स्लाइड्स घेऊन आले. सगळ्या लाल पडलेल्या. चिठ्ठीत त्यांनी लिहिलं, "बर्फ – गुलाबी." मला हसू आलं. मी बर्फ पांढरा करून दिला, तर गृहस्थ हिरमुसले. गेली तीस वर्षं ते पाहुण्यांना या स्लाइड्स दाखवून "हा सूर्योदयाचा बर्फ, मी पहाटे उठून काढलेला" असं सांगत होते, आणि सांगता सांगता त्यांना स्वतःलाही ते खरं वाटायला लागलं होतं. त्यांची मंडळी, म्हणजे पत्नी, शेजारीच होत्या. त्या म्हणाल्या, "पहाटे कवा उठला हुता तुम्ही? नऊपतोर घोरत हुता." शेवटी मी दोन्ही प्रती काढून दिल्या, एक त्यांना, एक मंडळींना. हा किस्सा मी शेकडो वेळा सांगितला आहे. आठवणीवर भरवसा ठेवू नये, डोळ्यांनी दिसतं ते खरं, असं त्याचं तात्पर्य मी लावत असे. या तात्पर्यानंच पुढं माझा घात केला.

गेल्या श्रावणात सुजाताताई दुकानात आल्या. मूळच्या निपाणीच्या, बेळगावात कॉलेजात अर्थशास्त्र शिकवतात. पर्समधून त्यांनी रुमालात गुंडाळलेली एक स्लाइड काढली. पुठ्ठ्याच्या चौकटीवर शाईनं लिहिलं होतं, "हौसाचं लग्न".

हौसा म्हणजे त्यांची आई. जन्मभर विड्या वळलेली. वडील तंबाखूच्या वखारीत हमाल होते, सुजाताताई चार वर्षांच्या असताना वारले. घरात दोघांचा एकत्र फोटो एकही नव्हता. त्या काळी निपाणीत एक मास्तर होते. विडीवाल्या बायकांच्या सभा घ्यायचे, त्यांच्या कामाच्या स्लाइड्स काढून गावोगाव दाखवायचे. हे लग्न त्यांनी सहज म्हणून काढलं असावं. मास्तर गेले, त्यांच्या मुलांनी पत्र्याच्या खोलीतला डबा उपसला आणि चौकटीवरचं नाव वाचून ही एक स्लाइड कुणाच्या तरी हाती निपाणीला पाठवून दिली.

"आईचा डावा डोळा साखरेनं गेला," ताई म्हणाल्या. "उजव्यानं थोडं दिसतं, सकाळच्या उजेडात. डॉक्टर म्हणतात, हापण किती दिवस राहील सांगता येत नाही. तिला बाबांचा चेहरा आठवत नाही म्हणते. तेवढा तिनं बघावा, आप्पा."

मी स्लाइड खिडकीशी धरली. नेहमीप्रमाणं लाल. मांडवाच्या कडेला नवरा बसलेला, अंगावर ऊन, सदरा पांढराशुभ्र. त्याच्या शेजारी, मांडवाच्या सावलीत, नवरी. तिचं लुगडं गुलाबी. मागं पट्ट्यापट्ट्यांचं कसलंतरी कापड टांगलेलं.

"चिठ्ठी लिहायची असते ना?" पाटी वाचून ताईंनी विचारलं. "माझा तर जन्मही नव्हता तेव्हा. आज रात्री आईला फोन करून विचारते आणि तुम्हाला कळवते."

"कशाला त्यांना त्रास?" मी म्हणालो. "सदरा पांढरा दिसतोयच, त्याच्यावरनं लावतो. आणि लुगड्यातलं आम्हाला सांगायला नको ताई, वडगावचे आहोत आम्ही."

चिठ्ठीशिवाय घेतलेलं ते माझं पहिलं काम.

आठ दिवस मी त्या स्लाइडवर बसलो. बुरशीचे ठिपके एकेक करून काढले. नवऱ्याच्या सदऱ्याचं पांढरं धरून रंग लावले. तो तर आधीच पांढरा होता, त्यामुळं फारसं काही सरकलं नाही, लाली थोडी उतरली. लुगडं जरा मरगळलेलं वाटलं म्हणून त्याला उठाव दिला, डाळिंबीकडं झुकवलं. नवरीच्या अंगावर जे शोभतं ते आलं. मागचं कापड सतरंजीचं असावं असं धरून त्याला सतरंजीचे रंग दिले. सदऱ्याच्या एका बाहीची घडी सावलीत होती, ती गुलाबी दिसत होती. लुगड्याचा रंग तिच्यावर पडला असेल असं म्हणून मी ती हातानं पांढरी केली. हे वाक्य नीट वाचून ठेवा. मग मोठा फोटो छापला, चौकटीत बसवला आणि ताईंच्या हातात दिला. त्यांचे डोळे भरून आले. माझीही छाती फुगली.

पुढच्या रविवारी दुपारी त्यांचा निपाणीहून फोन आला.

"आप्पा, आईला फोटो दिला. तिनं खिडकीशी नेऊन बघितला. खूप वेळ बघितला. बाबांना ओळखलं, त्यांच्या तोंडावरनं हात फिरवला. मग मला विचारते, 'ह्यांच्या शेजारी ही कोण बसलीया?'"

ताई पुढं सांगत होत्या.

"मी म्हटलं, आई तूच की ती. तर म्हणाली, 'मी न्हवं. माझं लुगडं पांढरं हुतं.' तेवढं पांढरं करून मिळेल का?"

इथं मी माफी मागायला हवी होती. माझ्या डोक्यात बोरगावचा गुलाबी बर्फ बसलेला. मी म्हणालो, "वय झालंय ताई त्यांचं, आठवण चुकते माणसाची. नवरीला पांढरं लुगडं कोण नेसवतं?"

मग ताई म्हणाल्या, "आम्ही," आणि फोन ठेवला.

दोन दिवसांनी त्या कॉलेजातून सरळ दुकानात आल्या. चिडल्या नाहीत. चिडल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. खुर्चीवर बसून त्यांनी मला शाळेतल्या पोराला सांगावं तसं सांगितलं. बौद्ध पद्धतीच्या लग्नात नवरा-नवरी दोघं पांढरं नेसतात. हौसाबाईंच्या लग्नात त्यावरनं घरात तंटा झाला होता. थोरली आत्या हिरवं लुगडं घेऊन आली आणि "पांढऱ्यात पोरगी उभी करताय, पांढऱ्या कपाळाची कराल तिला" म्हणून रडत बसली. हौसाबाई सतरा-अठरा वर्षांच्या. त्यांनी आत्याच्या देखत पांढरं अंगाला लावून बघितलं आणि तेच नेसल्या. पुढं सहा वर्षांत नवरा वारला. वखारीत पोती अंगावर आली. तेव्हापासून आत्या, आत्याच्या सुना, गल्लीतल्या बायका, ज्याला जमेल त्यानं त्या लुगड्याचा विषय काढला. पोरगी अभ्यासात मागं पडली तर लुगडं, आजारी पडली तर लुगडं.

"आई सगळ्यांना एकच सांगायची," ताई म्हणाल्या. "'माझ्या मनानं नेसलेलं हाय, आन् पुन्यांदा लगीन झालं तरी तेच नेसीन.' परवा फोटो बघितल्यावर काय म्हणाली सांगू? 'माणसं म्हणीत हुती रंगीत नेसाय पायजे हुतं. आता फोटूनंबी तेच म्हणायचं व्हय गं?'"

मी टेबलावरच्या कागदांशी चाळा करत राहिलो.

"करून देता का, आप्पा? नाहीतर स्लाइड परत द्या. कोल्हापुरात कुणाकडं तरी नेते."

"देतो की. स्लाइड राहू द्या माझ्याकडं."

का ठेवून घेतली? कोल्हापूरच्या माणसानं माझ्या कामावर काम करावं हे मला सोसणार नव्हतं, एवढंच त्याचं उत्तर. हौसाबाईंवर लोकांनी अन्याय केला हे मला पटलं होतं. पण स्लाइडवर तर सरळ गुलाबी दिसत होतं, शेजारी सदरा पांढरा दिसत होता, आणि माझ्या डोळ्यांवर माझा विश्वास होता. मनातल्या मनात मी ठरवून टाकलं होतं की हौसाबाईंनी पांढरं नेसायचं ठरवलं असेल, पण आयत्या वेळी आत्यापुढं माघार घेतली असेल आणि पुढं स्वतःच विसरल्या असतील. बघा, माणूस आपली चूक झाकायला दुसऱ्याचं अख्खं आयुष्य बदलायला निघतो. वर पितृपंधरवडा आला, गेलेल्यांच्या फोटोंची गर्दी झाली. मग दसरा, मग दिवाळी. ताईंचा दोनदा निरोप आला, दोनदा मी "पुढच्या आठवड्यात" म्हणालो. त्यांना काय सांगत होतो मी? त्यांच्या आईचा डोळा वाट बघणार होता का माझी!

आणखी एक गोष्ट कबूल करायला हवी. चाळीस वर्षांत मी काढलेल्या लग्नांची गणती नाही, पण त्यात बौद्ध लग्न एकही नाही. मला कुणी बोलावलं नाही, असं मी आजवर सांगत आलो. खरी गोष्ट अशी की सुरुवातीला दोघंतिघं आले होते आणि त्या त्या तारखेला मला दुसरं काम निघालं होतं. नंतर कुणी आलं नाही. एखाद्या मांडवात तासभर उभा राहिलो असतो तरी ही चूक झाली नसती.

दिवाळी संपल्यावर एका सकाळी दुकानात कुणी नव्हतं. मी मूळ स्कॅन उघडला, हात न लावलेला. आणि माझी नजर नवऱ्याच्या बाहीवरच्या त्या घडीवर गेली. सदरा उन्हात पांढरा आणि सावलीतल्या घडीत गुलाबी. अगदी लुगड्याचाच गुलाबी. संगणकावर दोन्हीकडं टोचून रंगाचे आकडे बघितले. सख्खी भावंडं.

आता वर मी जे तीन थर सांगितले ते आठवा. भर उन्हातलं पांढरं म्हणजे स्लाइडवर जवळजवळ कोरी फिल्म. तिथं रंगच नाही, तर उडणार काय? ते पन्नास वर्षांनीही पांढरंच दिसतं. सावलीतल्या पांढऱ्यावर मात्र तिन्ही रंगांची पातळ साय असते, तिघं समान. त्यातला मोरपंखी उडाला की उरतं ते गुलाबी. मास्तरांनी फोटो जरा काळोखाच काढला होता, त्यानं साय आणखी दाट झाली होती. म्हणजे एकाच कापडाचं, एकाच पांढऱ्याचं, उन्हातलं पांढरं राहिलं आणि सावलीतलं गुलाबी झालं. धंद्यातली ही गोष्ट मला पाठ होती. दुसऱ्याला शिकवलीही असती. आणि तिचा पुरावा त्या बाहीवर डोळ्यांसमोर होता, तो मी माझ्या हातानं पुसला होता.

सावलीतलं लुगडं पांढरं धरून मी रंग सरकवले. दहा मिनिटंसुद्धा लागली नाहीत. लुगडं पांढरं झालं तसं मांडवाला लावलेले आंब्याचे डहाळे हिरवे झाले. हौसाबाईंचा चेहरा भाजल्यासारखा होता, तो सावळा, कोवळा झाला. आणि मागचं कापड! निळा, पिवळा, लाल, पांढरा, केशरी असे ओळीनं पट्टे उभे राहिले. पंचशील ध्वज होता तो. बेळगावात रस्त्यानं जाताना मी तो किती वेळा बघितला असेल. जिचे पाचही रंग साऱ्या जगाला ठाऊक आहेत अशी वस्तू चित्राच्या मधोमध टांगलेली होती, आणि तिची मी सतरंजी केली होती.

मी ताईंना फोन लावला. "ताई, झालं. पांढरंच होतं लुगडं. आईंचं बरोबर होतं, माझं चुकलं."



"आप्पा, आईचा उजवा डोळा गेला," त्या म्हणाल्या. "मागच्या आठवड्यात. आत रक्त उतरलं. आता फक्त उजेड कळतो, माणूस कळत नाही. डॉक्टर म्हणाले, उपयोग नाही."

मी खुर्चीत बसून राहिलो. नवा फोटो छापावा की नको हेही कळेना. शेवटी छापला आणि दुसऱ्या दिवशी एस.टी.नं निपाणीला गेलो. पोस्टानं पाठवायचा विचार एकदा मनात आला होता, तो बरा नव्हता.

ताई स्टँडवर न्यायला आल्या होत्या. दोन खोल्यांचं स्वच्छ घर, उंबऱ्याशी ऊन. हौसाबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या, मांडीवर सूप. डोळे गेले तरी हात चालूच होते. पान बोटांनी चाचपायचं, तंबाखू भरायची, वळायचं, दोरा गुंडाळायचा. बघून करावं लागत नव्हतं त्यांना. समोरच्या ओसरीवर गल्लीतल्या दोघीतिघी वळत बसल्या होत्या, त्यांचं लक्ष आमच्याकडंच होतं.

"आई, बेळगावचे आप्पा आल्यात. फोटोवाले," ताई म्हणाल्या.

"या. बसा." हात थांबले नाहीत.

मी पाठ करून आलो होतो ते सगळं बोललो. उन्हातलं पांढरं, सावलीतलं पांढरं, उडणारा रंग, बाहीची घडी. त्या ऐकत होत्या. मधे एकदा म्हणाल्या, "सावलीत बसिवली हुती मला खरी. मला ऊन लागंल म्हणून हे सवता उन्हाकडं सरकलं हुतं." मग सूप बाजूला ठेवलं, हात पदराला पुसले आणि पुढं केले. मी फोटो दिला. त्यांनी चौकट चाचपली, काचेवरून हळूहळू बोटं फिरवली. बोटं नवऱ्यावरून पुढं गेली, नवरीवर थांबली.

"लुगडं कसं हाय?"

"पांढरं हाय आई," ताई म्हणाल्या. "दुधासारखं. मागं ध्वजपण दिसतोय."

"त्या रंगीत लुगड्यातल्या बाईलाबी तू 'तूच की ती' म्हणली हुतीस गं," हौसाबाई म्हणाल्या.

ताईंनी तोंड फिरवलं. हौसाबाईंनी मान माझ्या आवाजाच्या दिशेनं वळवली. रागानं बोलल्या नाहीत. खरंच उत्तर हवं असल्यासारखं विचारलं.

"आप्पा, मला दिसत हुतं तवा तुम्ही रंगीत दावलंसा. आता दिसत न्हाय, तर पांढरं हाय म्हणतासा. मी कुठलं धरू?"

"पांढरं," मी म्हणालो. "पांढरंच आहे, हौसाबाई."

चहा आला, तो मी प्यालो. निघताना पाया पडायला वाकलो, तर त्यांनी पाय मागं घेतले.

फोटो आता त्यांच्या भिंतीवर आहे. येणारेजाणारे बघतात आणि लुगडं पांढरं आहे असं त्यांना सांगतात. त्या "व्हय, म्हणत्यात खरं" असं म्हणतात, हे ताईंनीच मला सांगितलं. त्यांच्या डोळ्यांनी त्यांचं लग्न फोटोत एकदाच बघितलं, आणि ते मी रंगवलेलं होतं.